मागच्या सीटवरचा मालक

चंचल पटले त्या रविवारी गोंदियाजवळच्या मुर्रीला गेली ती मोटारसायकल घ्यायला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण बिसेनांच्या अंगणात पुढचा अर्धा तास जे चाललं होतं, ते पाहून कोणाचाही वेगळाच समज झाला असता.

बाप-लेक फाटकातून आत शिरले तोच घरमालकीण रामकलीबाई पाण्याचा तांब्या घेऊन पाय धुवायला पुढे आल्या. खुर्च्यांवर धुतलेल्या चादरी, टीपॉयवर बर्फी, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास. "या जी, बसा. धुकं लागलं असन रस्त्यात," रामकलीबाई म्हणाल्या. चंचलचे बाबा, हुकुमचंद, एकदम सुखावले. गोरेगावजवळच्या आपल्या गावापासून इथवर ते लेकीच्या स्कूटरवर मागे बसून गारठले होते. जुनी गाडी घ्यायला येणाऱ्याचा मुर्रीत एवढा मान असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्ही पटले. आन पोरीचं आजोळ?" रामकलीबाईंनी विचारलं.

"टेंभऱ्यांकडलं," हुकुमचंद म्हणाले.

रामकलीबाईंचा चेहरा खुलला. आता, पोवार समाजातली दोन माणसं भेटली की हवापाण्याच्या आधी एकमेकांचं कुर विचारतात. कुर म्हणजे आडनावाचं घराणं, आणि एका कुरात सोयरीक होत नाही. पण सोयरीक नसली तरी विचारायचंच, ही सवय. त्यामुळे हुकुमचंदांना यात काहीच वावगं वाटलं नाही आणि त्यांनी दुसरी बर्फी उचलली.

"आन बेटा, तू काय करतेस?"

"देवरीले जनावरांच्या दवाखान्यात आहो. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहातो," चंचल म्हणाली.

"मंग नोकरी सोडा लागन का?"

गाडी घेतली म्हणून नोकरी का सोडायची, हे काही चंचलला कळेना. "काऊन जी? उलट गाडी नोकरीलेच कामी येईन."

"कोणती गाडी?" रामकलीबाईंनी विचारलं.

दारात कोणीतरी खोकलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच माणूस चौकटीला टेकून उभा होता, आणि बराच वेळ उभा असावा, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. हा रामकलीबाईंचा मुलगा, ओमेश्वर. गोंदियात त्याचं मोटारपंपांचं दुकान होतं.

"आई, हे गाडी पाहाले आले," तो म्हणाला. "सोयरिकीचे आमगावचे पाहुणे आज येऊन नाही राहिले. सकाळीच त्यांचा फोन आला होता. सांगाचं राहून गेलं."

रामकलीबाईंनी पोह्यांच्या बशांकडे पाहिलं. हुकुमचंदांनी हातातल्या अर्ध्या बर्फीकडे पाहिलं. आणि चंचलला असं काही हसू फुटलं की तिला ओढणी तोंडावर धरावी लागली. ओढणीच्या वरून तिनं ओमेश्वरकडे पाहिलं, तर तो तिच्याकडेच पाहत होता...

गाडी मागच्या परसात होती. दोनशे सीसीची, उंच, मोठ्या पुढच्या चाकाची, खडबडीत रस्त्यांसाठी बनवलेली. ओमेश्वरनं तिच्यावरची ताडपत्री काढली आणि लगेच तिच्या खोडी सांगायला सुरुवात केली. सीट उंच आहे. थंडीत लवकर चालू होत नाही. डाव्या बाजूचं प्लास्टिक फुटलेलं आहे.

"तुमाले विकाची आहे का नाही?" चंचलनं विचारलं.

"विकाची आहे. आई ठेवू देत नाही." तो तिच्या उंचीकडे पाहून म्हणाला, "लांब जाले घेता का?"

"मालव्याले. धारपर्यंत. सातशे किलोमीटर होईन."

मग तिनं सांगितलं. जड गाडी तिनं शोरूममध्ये पाहिली होती, आवाज छान, पण ती नुसती वळवताना घाम फुटला. स्कूटर रोजच्याला ठीक, पण चाकं लहान आणि टाकी त्याहून लहान. तिला अशी गाडी हवी होती, जी आडरानात पडली तर कोणाला हाक न मारता उचलता येईल.

ओमेश्वरनं कोपऱ्यातलं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरलं आणि गाडी अलगद त्यावर आडवी केली. "उचला."

हुकुमचंद पुढे सरसावले. चंचलनं त्यांना नजरेनंच थांबवलं. पहिल्या झटक्यात गाडी वीतभर उठली आणि परत बसली.

"तोंड फिरवा," ओमेश्वर म्हणाला. "सीटले पाठ लावा. हातानं नाही, पायानं उचलाची. मागे मागे चाला."

अडलेल्या म्हशीशी झुंजलेल्या पोरीला एवढं सांगणं पुरे होतं. गाडी उभी राहिली. चंचलचे गाल लाल झाले होते, केसांत तणसाच्या काड्या होत्या. ओमेश्वरचा हात त्या काड्यांकडे उचलला गेला आणि अर्ध्यातूनच परत खिशात गेला... हुकुमचंद नेमके तेव्हा टायर पाहत होते.

चालवून पाहायची तर मालकानं मागे बसायचं, असा रिवाज. अनोळखी माणूस गाडी घेऊन पसार होऊ नये म्हणून. त्यामुळे मुर्रीच्या लोकांनी त्या सकाळी बाई पुढे आणि बिसेनांचा ओमेश्वर मागे, असा देखावा पाहिला. हमरस्त्यावर एक ट्रक शेजारून गेला आणि चंचलनं आरशात पाहिलं. मालकाचे डोळे घट्ट मिटलेले होते.

तिनं गाडी बाजूला घेतली. "काय झालं?"

"काही नाही."

"डोळे मिटून बसले होते तुम्ही."

त्यानं मग सांगून टाकलं. वर्षापूर्वी देवरीच्या अलीकडच्या वळणावर अचानक एक गोऱ्हा आडवा आला. त्याला वाचवताना तो पडला. मांडीत सळई टाकावी लागली. पाय बरा झाला, पण त्यानंतर हँडल त्यानं हातात धरलेलं नव्हतं.

चंचलनं विचारलं, "गोऱ्ह्याले लागलं का?"

ओमेश्वर तिच्याकडे पाहतच राहिला. वर्षभरात शंभर माणसांना ही हकिकत सांगितली होती, पण गोऱ्ह्याची चौकशी कोणी केली नव्हती. "नाही," तो म्हणाला. "उभा राहून पाहत होता माह्याकडे."

"मंग चांगलं झालं," चंचल म्हणाली.

सौदा त्या दिवशी व्हायला हरकत नव्हती. पण ओमेश्वर म्हणाला, सीटचा फोम छाटून खाली करू, पुढच्या रविवारी या. पुढच्या रविवारी सीट बरोबर झाली, तर चंचलला सामानाच्या पेट्यांची जागा पटेना. त्याच्या पुढच्या रविवारी पेट्या बसल्या, तर त्याला ब्रेकची काळजी वाटली. प्रत्येक वेळी चालवून पाहणं आलंच, आणि प्रत्येक वेळी मालक मागे बसणं आलंच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"एवढे दिवस त लोक ट्रॅक्टर घ्याले नाही लावत," हुकुमचंद म्हणाले. पण रागानं नव्हे.

"तुले गाडी पसंत नाही का?" एकदा ओमेश्वरनं मागून विचारलं.

"गाडी पसंत आहे."

"मंग घेऊन काऊन नाही जात?"

"तू देऊन काऊन नाही टाकत?"

तिनं आरशात पाहिलं तर या वेळी डोळे उघडे होते, आणि रस्त्याकडे नव्हते. चंचलनं गिअर चुकवला.

मोठ्या माणसांना एवढं पुरतं. कुर आणि आजोळ तर पहिल्याच दिवशी पोह्यांबरोबर विचारून झालं होतं. मळणी आटोपली आणि रामकलीबाई ओमेश्वरला घेऊन पटल्यांकडे आल्या. चंचल चहा घेऊन बाहेर आली. तिला हा माणूस हवा होता. इतका, की आपली अट सांगायचीच तिला भीती वाटू लागली होती.

अट घरात सगळ्यांना पाठ होती. आपले पूर्वज मालव्यातून, धारकडून आले, कुलदेवीही तिकडचीच, हे हुकुमचंदांच्या तोंडून ती लहानपणापासून ऐकत आली होती, पण घरातलं कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. आपण जायचं, लग्नाआधी, एकटीनं, स्वतःच्या गाडीवर, असं तिनं ठरवलं होतं. याच अटीपायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. एक जण तर म्हणाला होता, लग्नानंतर मी फिरवीन की. तिला कोणी फिरवायला नको होतं.

"पोरीची ते धारची गोष्ट आहे," हुकुमचंद चाचरत म्हणाले.

"जाईन ना," रामकलीबाई मायेनंच म्हणाल्या. "लगन झालं का दोघं जा. जोडीनं देवीच्या पाया पडा. एकटी कायले?"

सगळ्यांनी ओमेश्वरकडे पाहिलं. चंचलनंही पाहिलं. तो कपातल्या चहाकडे पाहत होता. "आई म्हणते तेही..." तो म्हणाला, आणि चहाचा घोट घेतला.

चंचल कप गोळा करून आत गेली. संध्याकाळी तिनं त्याला मोबाइलवर लिहिलं: गाडी दुसऱ्या कोणाला दे. सोयरीकही राहू दे. लिहिताना तिला रडू आलं, आणि पाठवल्यावर जास्त आलं.

त्या आठवड्यात देवरीच्या दवाखान्यात ती सगळ्यांवर खेकसली. गुरुवारी दुपारी वच्छलाबाईंची शेळी तपासत असताना बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. तो आवाज तिला शंभर गाड्यांत ओळखता आला असता. पण ती उठली नाही; कोणी गिऱ्हाईक चालवत असेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

"मॅडम, कोणी आलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "लय घामेजला आहे बिचारा."

पौषातल्या थंडीत ओमेश्वर घामानं ओला झाला होता. त्यानं हेल्मेट काढलं. गाडीवर तो एकटाच होता.

"तू चालवत आला?" चंचलनं विचारलं.

"हो. त्या वळणावर उतरलो. दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. मंग पुन्हा बसलो."

"काऊन पण?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेळी, वच्छलाबाई, दोन बैलवाले, सगळे ऐकत होते. पण आता मागे हटायची सोय नव्हती.

"त्या दिवशी मी गप बसलो ते आईचं ऐकून नाही," तो म्हणाला. "मले भेव वाटलं. तू एकटी सातशे किलोमीटर जाशील, आन मी पडलो तशी कुठं पडशील. तुले थांबवलं का माहं भेव मिटन, एवढंच डोक्यात होतं. मंग समजलं... भेव माहं आहे. तुह्या अंगावर कायले टाकू? म्हणून घेऊन आलो." त्यानं किल्ली पुढे केली. "गाडी तुही. जा. आईले मी सांगतलं, लगनाची तारीख तू आल्यावरच."

चंचलनं किल्ली घेतली, आणि किल्लीबरोबर त्याची बोटंही तिच्या हातात आली. तिनं ती सोडली नाहीत. वच्छलाबाईंनी शेळीचं तोंड दुसरीकडे वळवलं.

दवाखाना बंद झाल्यावर ती त्याला बसस्टँडवर सोडायला चालत निघाली. गाडीवर नेते म्हणाली, तर तो नको म्हणाला.

"मागे बसाची सवय लागली आहे मले. मंग थेट धारलेच येईन, आन तुहं एकटीचं जाणं राहूनच जाईन."

"तू जाऊ नको म्हटलं असतं ना, तरी मी गेलीच असती," चंचल म्हणाली. "पण मले लय लागलं असतं."

"आता नाही ना लागत?"

"आता त जास्त लागून राहिलं." ती थांबली. मग सरळच म्हणाली, "तुले सोडून जा लागते ना."

गोंदियाची बस लागली होती. ओमेश्वर पायरीवर चढला आणि वळला. "घाई करून येऊ नको. सगळं पाहून ये. चांगलं निवांत."

चंचलनं मान हलवली. इतकी वर्षं तिला जायची घाई होती. आता ती अजून निघालीही नव्हती, आणि तिला परत यायची घाई झाली होती.