मागून आलेलं ‘लागला’

ही गोष्ट खरी आहे. पटलीच पाहिजे असा आग्रह नाही. ज्यांच्यासोबत घडली ते दाजी अजून आहेत, त्यांचं गॅरेज आहे, आणि त्या दिवसाची नोंद असलेली वहीसुद्धा आहे.

आणि रात्रीची नाही. मंगळवार, दुपारचे पावणेतीन. लख्ख ऊन. भुताला अंधारच हवा असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथूनच परत फिरावं.

दाजींचं गॅरेज हमरस्त्याच्या कडेला. जुन्या गाड्यांना क्रूझ कंट्रोल बसवून द्यायचं, हे त्यांचं मुख्य काम. म्हणजे तळहाताएवढा एक डबा. चाक किती वेगाने फिरतंय हे तो मोजत बसतो. तुम्ही सत्तरला बटण दाबलं की तो सत्तर धरून ठेवतो. चढ आला की इंजिनाला जोर देतो, उतार आला की हात आखडता घेतो. तुमचा पाय मोकळा.

दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली होता. त्याने डब्याचं नाव ठेवलं होतं, ‘जावई’. एकदा बसला की सांगितल्याशिवाय उठत नाही, म्हणून. दाजी त्याच्याच घरचे जावई. पण तेही हसायचे.

या जावयाला उठवायचं म्हणजे ब्रेक.

ब्रेकवर पाय पडला की मागचे लाल दिवे लागतात, आणि त्याच तारेवरून डब्याला कळतं की आता सोड. तार मुकी राहिली तर तो सोडत नाही. तुम्ही गाडी थांबवत असता, तो पळवत असतो. बंद करायचं बटण असतं, पण घाबरलेल्या माणसाला बटण आठवत नाही. ब्रेक आठवतो.

म्हणून काम झालं की एक तपासणी. दोन माणसांची. एकाने सीटवर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने गाडीमागे उभं राहून दिवा बघायचा आणि ओरडायचं, ‘लागला’. तीनदा. मग वहीत नोंद. दाबणारा कोण, बघणारा कोण.

सहा वर्षं दाबणारे दाजी आणि बघणारा मेहुणा.

दाजींनी कधी मान वळवून खात्री केली नाही. घरच्या माणसाची कोण करतं?

त्या मंगळवारच्या आठ महिने आधीची गोष्ट. ट्रायलला गाडी न्यायचं काम ड्रायव्हरकाकांचं. एकतीस वर्षं कंपनीची बस चालवून निवृत्त झालेले. एकतीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही. त्या दिवशी एक पांढरी गाडी घेऊन गेले, आणि वळणावरच्या पुलाच्या कठड्यावर आदळले. जागच्या जागी गेले.

मागून येणाऱ्या टँकरवाल्याने सांगितलं, ब्रेकचे दिवे पेटलेच नाहीत.

चौकशीच्या साहेबांनी दाजींना विचारलं, दिवे चालू होते का? दाजींनी वही पुढे केली. मेहुण्याने जबाबाखाली सही केली. गाडीच्या तारांचा चुरा झालेला, त्यातून काही कळणार नव्हतं. मग हिशेब सोपाच झाला. दिवे चांगले असून पेटले नाहीत, म्हणजे म्हाताऱ्याने ब्रेक दाबलाच नाही. डुलकी आली असणार.

एकतीस वर्षांवर एका ओळीत बोळा फिरला.

काकू दाजींना एवढंच म्हणाल्या, "ते घरात धड झोपायचे नाहीत. गाडीत झोपतील?"

पण ‘लागला’ दाजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तीनदा.

तर तो मंगळवार.

मेहुणा सामान आणायला बाजारात गेलेला. दाजी एकटेच. एका गाडीचं काम हातावेगळं होत आलेलं. ते सवयीने सीटवर बसले. सवयीने ब्रेक दाबला. सवयीनेच हाक मारली, "काय रे?"

मागून आवाज आला...

"लागला."

पाय काढला. पुन्हा दाबला.

"लागला."

तिसऱ्यांदा...

"लागला."

दाजींनी वही ओढली. नोंद लिहायला घेतली, तेवढ्यात फोन वाजला.

मेहुण्याचा. दुकानात गर्दी आहे, अजून तासभर तरी मोडेल म्हणाला. त्याच्यामागे दुकानातला गलका ऐकू येत होता.

दाजींचं पेन थांबलं.

गॅरेजमध्ये पंखा फिरत होता. बाकी काहीच नाही...

ते उतरून मागे गेले. कुणी नव्हतं. सकाळी तिथे तेल सांडलेलं, ते टिपायला लाकडाचा भुसा पसरलेला. गाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

भुशावर एक पाऊल नव्हतं.

पेडलवर फळी अडकवून ते परत मागे आले.

दिवे... बंद.

पेटणारच नव्हते. तारा जोडायच्या म्हणून त्या दिव्यांचा फ्यूज त्यांनी स्वतः सकाळी काढला होता, परत लावायचा राहिला होता. तो त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

दाजी भुशाशेजारी खाली बसले. आवाज मेहुण्याचा होता, यात तिळमात्र शंका नाही. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. काकाच हे दाखवून देत होते. त्या दिवशीही असंच झालं. मेहुण्याने दिवा न बघताच ‘लागला’ म्हटलं, आणि आपण काकांना त्या गाडीत बसवलं.

संध्याकाळी मेहुणा आला. दाजींनी आवाजाचं अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, काकांच्या गाडीचा दिवा तू बघितला होतास का?

तो आधी हो म्हणाला. मग म्हणाला, कुणी काही बोललं का? मग स्टुलावर बसला आणि रडायला लागला.

"दाजी, मी तिथे नव्हतोच. फाटकाबाहेर फोनवर होतो. आत आलो तोवर काका निघून गेलेले."

"मग ‘लागला’ कोण म्हणालं?"

"मला काय विचारता? नोंद तुमच्या हातची. बघणारा म्हणून माझं नाव तुम्हीच लिहिलेलं. मला वाटलं, तुम्ही घाईत न बघता लिहिलंत. आता आपल्याच माणसाला कुठे अडकवा, म्हणून सही केली."

दाजी म्हणाले, मी ऐकलं. तीनदा ऐकलं.

मेहुण्याने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, कोडगेपणाची हद्द झाली.

फोनवर कोण होतं, हे दाजींनी सगळ्यात शेवटी विचारलं.

"ताई."

म्हणजे दाजींची बायको.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारल्यावर तिने हातातली घडी पूर्ण केली, मगच बोलली.

"अकरा मिनिटं बोलत होतो आम्ही. नंतर फोनमध्ये बघितलं मी. अकरा मिनिटांत तो ‘लागला’ एकदाही म्हणाला नाही."

"आणि आठ महिने तू गप्प राहिलीस?"

"अहो, तुम्ही वहीत खोटं लिहिलंत. मी ते झाकलं. बायकोने आणखी काय करायचं असतं?"

भांडली असती तर बरं झालं असतं, असं दाजी म्हणतात. ती तर उपकार केल्यासारखी बोलली. आठ महिने दोघं त्यांना वाढत होती, त्यांच्याशी हसत होती, आणि मनातून त्यांना खोटारडा समजत होती. काकांचं नाव गेलं ते गेलं. पण ते कशावर ओवाळून टाकलं? दाजींनी न केलेल्या लबाडीवर.

दुसऱ्या दिवशी दाजींनी जबाब बदलला. बघणारा जागेवर नव्हता, दिवा कुणीही पाहिलेला नाही, चूक माझ्या गॅरेजची. डुलकीची ओळ खोडली गेली. काकूंनी दारातच उभं राहून सगळं ऐकून घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत. बरोबरच होतं.

मेहुणा दुसऱ्या गॅरेजात लागला. बायको अजून घड्या घालते. दोघं कामापुरतं बोलतात.

पण एक गोष्ट दाजींना आजही जुळवता येत नाही.

काकांचं भूत म्हणावं, तर पहिल्यांदा ‘लागला’ ऐकू आलं तेव्हा काका जिवंत होते. किल्लीची वाट बघत बाहेर उन्हात उभे होते.

मग त्या दिवशी गाडीमागे कोण होतं?

आणि ते खोटं का बोललं?

आता दाजींनी नवा माणूस ठेवलाय आणि नवा नियम केलाय. मागून ओरडलेलं चालणार नाही. दिवा बघायचा, समोर यायचं, खिडकीशी उभं राहून तोंडावर सांगायचं.

गेल्या आठवड्यात नवा माणूस जेवायला गेला होता. भर दुपार. दाजी एका गाडीत बसून सीट मागे-पुढे करत होते. नकळत पाय ब्रेकवर पडला.

त्यांनी हाक मारली नव्हती. कुणाला काही विचारलंही नव्हतं...

"लागला."

दाजींचा ब्रेकवरचा पाय तसाच.

मग तोच आवाज, पण आता जवळून. खिडकीच्या अगदी मागून. हळू, परवानगी मागितल्यासारखा...

"समोर येऊ?"

दाजींनी उत्तर दिलं नाही. मान वळवली नाही. पायही काढला नाही.

नवा माणूस जेवून परत येईपर्यंत. वीस मिनिटं.