पांढऱ्यावरची पांढरी अक्षरं

पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं साधारण तीन सेकंद टिकत. वाक्य लांब असेल, तर चार. तेवढ्यात ती वाचायची, मनात मराठीत फिरवायची आणि पुढच्या खुर्चीतल्या आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. जनीनं हे मोजलं होतं. कर्जतच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची; मोजण्याची सवय घरीही सुटत नसे.

भिवपुरीतल्या त्या घरात महिन्यातून दोन रविवार, दुपारी, चिनी मारामारीचा सिनेमा लागे. आप्पांच्या, म्हणजे भिवाजींच्या, नजरेचा मधला भाग गेला होता. समोरच्याचा चेहरा दिसत नसे, अक्षर तर नाहीच. पण कडेला काही हललं की ते लगेच कळे. आई गेल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून बसत. मग गेल्या माघात शेजारच्या गौराबाईंकडे सत्यनारायण झाला. पूजेनंतर व्हिडिओवर संताचा सिनेमा लावायचं ठरलं होतं. कर्जतच्या दुकानातून सायकलवर मशीन घेऊन सहदेव आला, आणि कॅसेटच्या डब्या बदललेल्या निघाल्या. पडद्यावर एक माणूस कौलांवरून उडाला.

बायका ओरडल्या. गौराबाईंनी कपाळाला हात लावला. आणि कोपऱ्यातून आप्पांचा आवाज आला, "कोन उडला रं त्यो?"

सात महिन्यांनी आप्पांनी आपणहून काहीतरी विचारलं होतं.

सहदेवनं बंद करायला नेलेला हात मागे घेतला. त्यानं एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा जनीकडे. "बाई, खाली इंग्रजी येतंय. वाचून सांगता का त्यांना?"

त्या दिवसापासून तो असल्याच कॅसेटी शोधून आणू लागला. दिवाळीत, फाटकाशी सायकल टेकवून, त्यानं विचारलं होतं, "माझ्याशी लगीन कराल का?"

"थांबा थोडं," जनी म्हणाली होती.

का थांबा, ते तिनं सांगितलं नव्हतं. ज्याच्यामुळे बाप हसायला लागला, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि नाही म्हणताच येत नसेल, तर आपल्या 'हो'ला किंमत ती काय? हे उपकाराचं ओझं की आणखी काही... हे तिला ठरवता येत नव्हतं.

आजच्या सिनेमात पांढऱ्या दाढीचा, पांढऱ्या झग्यातला गुरू होता, समोर त्याच्याकडे शिकणारी मुलगी. पांढरी अक्षरं त्याच्या झग्यात पार विरघळली.

"काय म्हंतो गं म्हातारा?" गौराबाईंनी विचारलं.

"अक्षरं दिसत नाहीत, काकू."

"मला ठावं हाय," मशीनपाशी बसलेला सहदेव म्हणाला. "त्यो म्हंतो, दिवाळी गेली, संक्रांत आली... पोरी, उत्तर कधी देनार?"

"चीनमधी संक्रांत?" त्याच्यासोबत आलेला लडकू खिदळला.

"आसंल की," आप्पा म्हणाले. "तीळ काय फकस्त आपल्याकडंच पिकतो?"

जनीनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "ती मुलगी म्हणते, घाई केली की तोल जातो. आधी पाय रोवून उभं राहायला शिका."

"रोवून रोवून मुळं फुटली म्हनावं."

गौराबाई मोठ्यांदा हसल्या. जनीचे कान तापले. म्हातारा गुरू इतका रंगेल आहे, याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही!

मध्येच चित्र फाटायला लागलं, म्हणून सहदेवनं मशीन ओटीवर उजेडात नेलं. जनी चहा घेऊन गेली. तो आतला भाग कापसानं हलकेच पुसत होता.

"खोपोलीच्या कारखान्यात काम लागलं," तो मान वर न करता म्हणाला. "एक तारखेपासून. पुढच्या खेपेला मशीन लडकू आनंल. त्याला सगळं समजावलंय... असल्याच कॅसेटी आनायच्या, आप्पांची खुर्ची जरा तिरकी ठेवायची. तुमचं कायबी अडायचं नाय."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला?" तो हसला, पण पुरतं नाही. "माझ्यापायी तुमी भिडंत पडू नका, बाई. आप्पांचा शिनेमा चालू ऱ्हानार. आता खुशाल नाय म्हना."

चहा निवला. कुणीच प्यायलं नाही.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. आठवीच्या वर्गात जनी सांगायची: कशामुळे काय घडतं हे शोधायचं, तर एकच गोष्ट काढून घ्या, बाकी सगळं तसंच ठेवा. तिनं पुढचा रविवार डोळ्यांसमोर आणला. तेच मशीन. तोच पडदा. खुर्ची तिरकी, आप्पा हसताहेत. मशीनपाशी लडकू...

आप्पांचं हसू होतं तसंच होतं. त्याबद्दलची कृतज्ञताही तशीच, उबदार. आणि तरीही सगळी दुपार पोकळ.

पडद्यावर एक वाक्य आलं, गेलं. दुसरं आलं. तेही गेलं.

"आगं जने, बोल की! काय म्हंत्यात ती?"

"ती काय म्हणतात, मी पाहिलंच नाही, काकू." ती उठून आप्पांच्या खुर्चीच्या कडेला, त्यांना दिसेल अशी उभी राहिली. मशीनवरचा सहदेवचा हात थांबला.

"मग कोन बोलतंय?" आप्पांनी मान कलती केली.

"मी बोलतेय, आप्पा," जनी म्हणाली. "मशीन कुणीही आणू दे. मला सहदेवशी लग्न करायचंय."