एक सूत पाणी

शिवडीच्या लष्करी छावणीतला पोहण्याचा तलाव सत्तावन्नच्या पावसाळ्यात फुटला. जमीन मुळातच दलदलीची. ती खचली आणि तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेली. दुरुस्तीत अर्थ नाही, असं वरून कळलं. जुना बुजवायचा, चाळीस पावलांवर नवा बांधायचा, आणि त्याच्या शेजारी लहान मुलांसाठी वेगळा उथळ तलाव करायचा. कामावर ओव्हरसियर होते शामराव परब.

छावणीतल्या क्वार्टरमध्ये ते आणि त्यांची बायको कालिंदी, दोघंच राहत. तीन वर्षांपूर्वी तिघं होती. नऊ वर्षांची अंबिका जुन्या तलावात बुडाली, दुपारी चारच्या सुमाराला. तेव्हापासून कालिंदी रोज चारला काठावर जाऊन बसायची. तलाव कोरडा पडला तरी बसायची.

मार्चमध्ये दोन्ही नवे तलाव भरले. जुना बुजवायला मातीचे ट्रक आले त्या सकाळी तिने विचारलं, "तिका नवी जागा कळात काय ओ?"

शामराव ट्रक मोजत राहिले.

"आमच्या माहेरी नवी विहीर खणली की जुनीतला तांब्याभर पाणी तीत ओततत. मगे जुनीत जा काय असता, ता वाट चुकणा नाय. माका तेवढा पाणी आणून द्या."

जुन्या तलावात थेंब नव्हता. पण तसं सांगितलं असतं तर खात होती ते दोन घासही तिने सोडले असते. नळाचं पाणी फार स्वच्छ, तिने ओळखलं असतं. त्याच दिवशी सिमेंट आणायला शामराव कॉटन ग्रीनला गेले. वाटेतली एकूण एक भिंत संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी भरली होती. गोदामामागे एक जुनी विहीर होती. वरची फळी सरकवून त्यांनी तांब्या भरला. हिरवट पाणी, कुजकट वास.

"छप्पनच्या गोळीबारापासून हिचं पाणी कोण काढत नाय, सायेब," रखवालदार म्हणाला.

का, ते शामरावांनी विचारलं नाही. झाडाला घालायचंय, असं सांगून ते निघाले.

कालिंदीने ते पाणी उथळ तलावात ओतलं. त्या संध्याकाळी तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी उथळ तलावाच्या गळतीची चाचणी सुरू झाली. भिंतीवर खडूची रेघ, शामरावांच्या हातात पट्टी, समोरच्या काठावर कालिंदी.

"पाणी मोजून काय गावतला सायेब?" बुधाजी गवंडी हसला. "ताक करूचा हा काय?"

चारला पाणी रेघेवर एक सूत चढलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. वारा नव्हता, नळ बंद होता. पाचला ते उतरलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बुधाजी हसला नाही. थापी धुवायला तो लांबच्या नळावर गेला.

शामरावांनी गणित मांडलं. वीस फूट बाय पंधरा फुटांचा तलाव. पाणी एक सूत चढायला आत किती वजन उतरावं लागेल? एकशे पंचाण्णव पौंड. त्यांनी पुन्हा मांडलं. तेवढंच आलं.

अंबिका पन्नास पौंडांचीही नव्हती.

घरी कालिंदी गुणगुणत नारळ खवत होती. "इली ती," ती म्हणाली. "लाजता अजून. काठाकडे येणा नाय."

पाणी भलतीकडचं होतं, हे सांगून टाकावं असं शामरावांच्या जिभेवर आलं. तेवढ्यात तिने दोन ताटं वाढली, आपल्याही ताटात माशाची तुकडी घेतली. भाताबरोबर त्यांनी ते शब्द गिळले.

सातव्या दिवशी चारला कालिंदी साडी गुडघ्यापर्यंत उचलून पायऱ्या उतरली.

शामरावांनी पट्टीवर पाहिलं. पाणी चढलं. तिच्या एकटीने चढेल त्याहून कितीतरी जास्त.

"ये गो बाय, ये."

"कालिंदी, वर ये."

"कित्याक?"

शामराव पट्टी टाकून पायऱ्यांपाशी आले.

"अवो, बगा तरी," तिने मान न वळवता म्हटलं. गालांवरून आसवं ओघळत होती आणि ती हसत होती. "किती मोठी झाली माजी बाय!"

डोक्यावरून फिरवायला तिने हात पुढे केला. हात तिच्या कमरेवरून वर गेला, खांद्यावरून वर गेला, आणि तिच्या स्वतःच्या कपाळाहून वीतभर उंच जाऊन अलगद टेकला.