दोन वाजताची गोळी

बसा. त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, पण माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

मी इस्लाव. चाळीस वर्षं मनिलात जीपनी, म्हणजे उतारूंची लांबडी जीप, हाकली. शाळा चौथीपर्यंत, खोड्यांमध्ये मात्र मोठी पदवी. रक्ताचा आजार जडला आणि या इस्पितळाच्या सातव्या मजल्यावर आलो. इथं एका नव्या औषधाची चाचणी चालते. आम्ही बारा म्हातारे. रोज दुपारी दोनला एक नळी रक्त द्यायचं, एक गोळी गिळायची, वहीत सही ठोकायची. तीनदा वेळ चुकली की नाव कापलं. ही गोळी बाहेर मिळत नाही. डॉक्टर मॅग्सिनो बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लोलो, ही लागू पडली नाही तर माझ्या पेटीत दुसरं काही नाही." लोलो म्हणजे आजोबा. बाई गोड बोलतात, पण खरं बोलतात.

शेजारच्या खाटेवर टाक्यो होता. सुतार, भोळा, माझं हक्काचं गिऱ्हाईक. त्याची वेळ दोनदा चुकली होती. एका दुपारी तो घोरत असताना मी त्याचं मनगटी घड्याळ तासभर मागे केलं. उठला आणि खाली अंगणात सोंगट्या खेळायला गेला. वाटलं होतं, कुणीतरी हाक मारेल, दोनच्या आधी धापा टाकत वर येईल, सगळे हसतील. तो वर आला तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. शीळ घालत आला. नाव कापलं गेलं होतं.

खरं सांगितलं असतं तर त्याचं नाव परत लागलं असतं, आणि माझं कापलं गेलं असतं. मी गप्प बसलो.

सात आठवड्यांनी टाक्यो गेला.

मी चार तासांची सुटी काढून मयताला गेलो. काचेच्या झाकणाखाली टाक्यो, बाजूला पत्त्यांचा डाव, सगळं रीतीप्रमाणे. मी काचेवर वाकलो. जिभेला सवय वाईट. म्हटलं, "ऊठ आळशा, दोनची गोळी चुकेल."

आता आमच्याकडे मयताहून कुणी सरळ परतत नाही. वाटेत कुठंतरी टेकायचं, वाटीभर पेज प्यायची. मेलेला मागे लागला असेल तर तो तिथंच वाट चुकतो. याला पगपग म्हणतात. शेंबडं पोरही पाळतं. पण पुलावर गाड्या तुंबल्या, दीड वाजला, आणि माझीच वेळ चुकायची पाळी आली. मी कुठंच टेकलो नाही. सरळ इथं आलो.

तरी दहा मिनिटं उशीर झालाच. नर्स रोवेनानं मान वर केली. "काय लोलो, परत? काय विसरलात?"

"गोळी."

"आत्ता तर घेतलीत."

तिनं ट्रे दाखवला. माझ्या नंबरची नळी, रक्तानं भरलेली. हात लावला तर कोमट. वहीत माझं नाव, माझी सही.

"पोरी, माझी फिरकी घेतेस?"

"तुमची फिरकी कोण घेणार? परवा माझ्या चपला फ्रीजमध्ये कुणी ठेवल्या?"

सगळा वॉर्ड हसला. मी बाही वर केली. दोन्ही दंडांवर सुईची ताजी खूण नव्हती. तेही तिला माझं नाटकच वाटलं. एकाला दिवसाला एकच गोळी. मला मिळाली नाही.

संध्याकाळी बायको आली, सेनियांग. घरचे कपडे धुऊन आली होती. आल्या आल्या विचारलं, "पगपग केलंस ना, म्हाताऱ्या?"

"केलं. पेज प्यायलो, वर अंडं घालून."

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारीच येऊन खाटेशी बसू लागली. त्या दिवशी मी दीडपासून टक्क डोळे उघडे ठेवून बसलो. पावणेदोनला एसीचा घरघराट हळूहळू बंद झाला... लाकडाच्या ओल्या भुशासारखा वास आला... आणि डोळे उघडले तेव्हा अडीच. गोळी घेऊन झालेली. दंड कोरा. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्याही.

आठव्या दिवशी मॅग्सिनो बाई रिपोर्ट हातात घेऊन आल्या. "लोलो, तुमचं रक्त बारा जणांत सगळ्यात चांगलं आलंय." मी आरशात पाहिलं. गालांची हाडं वर आलेली, पँट दोरीनं बांधलेली. बाईंना सांगितलं, गोळी माझ्या पोटात जात नाही. त्या हसल्या. "तुमच्या गमती संपायच्या नाहीत."

शेवटी काल दुपारी मी सेनियांगपुढे सगळं ओतलं. घड्याळ, काच, पेज न पिता सरळ आलो ते. ही बाई मला पन्नास वर्षं शिव्या देत आली आहे. काल दिली नाही.

"तू रोज दोनला झोपतोस म्हणतोस?" तिनं हळूच विचारलं.

"झोप लागते. मी काय करू?"

"मी इथंच असते रे. तू उठून बसतोस. सुई टोचताना माझा हात धरतोस... घट्ट." ती आपल्या तळव्याकडे बघत राहिली. "मला वाटायचं, एसीमुळे गार पडलाय."

पावणेदोन झाले होते. तिनं डाव्या हातानं माझा हात पकडला. "झोपू नकोस. माझ्याशी बोल. काहीही बोल."

मी बोलत होतो. जीपनीचं, पोरांचं, काय सुचेल ते. घरघराट थांबला. या खेपेला डोळे मिटले नाहीत. रोवेना ट्रे घेऊन आली, मला ओलांडून खाटेच्या पलीकडे गेली आणि वाकली. "लोलो, मूठ वळा," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

सेनियांगचा डावा हात माझ्या हातात होता. उजवा तिनं मांडीवर ठेवला होता. तो आपोआप उचलला गेला, पलीकडे वळला, आणि त्याची बोटं एकेक करून मिटत गेली, कुणी हात आवळून धरल्यावर मिटतात तशी.

"इस्लाव," ती कुजबुजली, "मला हा हात सोडवता येत नाहीये."