दोनशे सहा हाडं

अरे, तू जो कोणी असशील... खुर्चीत बसून ज्यानं लिहिलं की पाच वर्षांपूर्वी शिकलेलं शरीरशास्त्र बाद, तू चोर आहेस! एका बाईच्या डोक्यातली विद्या तू दिवसाढवळ्या पळवलीस.

त्या रविवारी दुपारी, केंटकीच्या डोंगरातल्या लहानशा घरात, डेल्फा शेगडीकडे तोंड करून उभी होती. घेवडा शिजून लगदा झाला होता, मक्याचा पाव करपत होता, आणि टेबलावर कॉलेजचं पाकीट न फोडलेलं पडलं होतं. धाकटी बहीण लोरेल हॉस्पिटलच्या निळ्या पोशाखातच आली. पाकीट पाहून म्हणाली, "परत कॉलेज? वा गं वा! त्रेचाळिसाव्या वर्षी घोडी शर्यतीला निघाली! या खेपेला कंटाळा कधी येणार?"

"फोड तूच," डेल्फा म्हणाली. "माझे हात पिठाचे आहेत."

हात कोरडे होते...

सहा वर्षांपूर्वी दोघी एकाच बाकावर शिकल्या होत्या. डोंगराखालचं कम्युनिटी कॉलेज, गरीब-नोकरदार सगळ्यांना दार उघडं असलेलं, अवघं बारा मैलांवर. शाळेच्या स्वयंपाकघरातली पाळी संपवून डेल्फा संध्याकाळच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला पोचे. शेजारी अठराची पोर, पलीकडे खाण बंद पडलेला पन्नाशीचा बाप्या, आणि शिकवणाऱ्या मिसेस हॉलब्रुक बाई प्रत्येकाला नावानं हाक मारीत, हाडांची पेटी घरी न्यायला देत. मोठ्या विद्यापीठानं जिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, ती डेल्फा तिथं वर्गात पहिली आली! खाणीच्या धुळीनं फुफ्फुसं गेलेल्या डॅडींच्या पाठीवर बोट फिरवून ती बरगड्या मोजी, आणि डॅडी खोकत हसत, "मोज बाई, एखादी कमी भरली तर कंपनीकडे मागू!"

नर्सिंगच्या जागा चोवीसच. पात्र ठरलेल्यांच्या चिठ्ठ्या निघत. रस्त्याकडेच्या टपालपेटीतून दोघींची पत्रं डेल्फानंच काढली : ती चोविसावी, लोरेल पंचविसावी... प्रतीक्षेत पहिली. हे शिक्षण दिवसाचं, आणि डॅडींच्या ऑक्सिजनपाशी दिवसा कुणीतरी हवंच होतं. डेल्फानं आपलं पत्र पिठाच्या डब्यात दडवलं, दुसऱ्या दिवशी जाऊन जागा सोडल्याची सही केली, शाळेतली नोकरीही सोडली, आणि घरी येऊन म्हणाली, "मी अर्जच मागं घेतला. कंटाळले बाई पुस्तकांना." तेव्हापासून लोरेल तिला पळपुटी म्हणत आली.

तीन महिन्यांपूर्वी डॅडी गेले. शाळेनं डेल्फाला पुन्हा कामावर घेतलं, आणि तिनं पुन्हा अर्ज केला.

लोरेल मोठ्यानं वाचू लागली, "शरीरशास्त्राचे गुण पाच वर्षांहून जुने, सबब अग्राह्य. वर्ग पुन्हा करावा. येथील वर्ग बंद झाला आहे. जवळचे केंद्र नव्वद मैलांवर, वेळ दिवसाची... अर्जदारास यापूर्वी चोविसावी जागा मिळाली होती, ती नऊ ऑगस्टला स्वेच्छेने..."

तिनं तारीख पुन्हा वाचली.

"मला फोन आला तो दहा ऑगस्टला... डेल्फा! ती जागा तुझी होती?"

"पाव करपला बघ."

"पाव गेला खड्ड्यात! मी तुला पळपुटी म्हणाले... डॅडींच्या शवपेटीपुढंसुद्धा म्हणाले!"

"म्हणालीस. पण शेवटी तुझ्या हातानं सुई टोचली तेव्हा त्यांना दुखलं नाही गं. मला तेवढं पुरलं."

लोरेल तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "माझी जागा घे! माझं सगळं घे!"

"वेडे, ती काय स्वेटर आहे, काढून द्यायला?"

"मी भांडेन त्यांच्याशी!"

"भांड. तोवर मी साठीची होईन."

मग लोरेलनं आपला उजवा हात तिच्यापुढं धरला. "सांग."

खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत डेल्फा एकेका हाडावर बोट ठेवून नाव घेत गेली. एकदाही अडली नाही. मनगटातल्या आठांपैकी दोन हाडांची नावं चार वर्षं नर्स असलेल्या लोरेललाच आठवत नव्हती.

सोमवारी सकाळी डेल्फा पुन्हा शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढत उभी होती. पगार सोडून रोज नव्वद मैल जाऊन-येऊन शिकणं तिला परवडणारं नव्हतं. मरेपर्यंत ती तिथंच उभी राहणार आहे, हे तिलाही ठाऊक आहे, तुलाही.

तर साहेबा, आता तू सांग. माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं होती. या पाच वर्षांत त्यातलं कुठलं बदललं? नाव सांग त्याचं!