एका हवेतली भेट

मंगळावरच्या अरुणवाडीत समितीची सभा भरायची ती पडद्यावरच. त्या दिवशीही तशीच भरली. टेकडीपलीकडच्या श्वासगृहात, हवा भरलेल्या बंदिस्त घरात, लागट बुरशीनं आजारी झालेली अकरा माणसं वेगळी ठेवली होती. औषध आणणारं यान यायला अवकाश होता आणि सगळ्यांना पुरेल इतकी हवा तयार होत नव्हती.

"त्यांची हवा तोडावी लागेल," वसाहतप्रमुख खानविलकर शेवटी म्हणाले. "ठराव मांडतो."

"मांडून उपयोग नाही," मृदुला पाठारे म्हणाली. वसाहतीचे कायदे तिनंच लिहिले होते, आणि आजाऱ्यांत तिचा नवरा यदुनाथ होता. "आधी समितीतल्या कुणीतरी त्यांची भेट घ्यायला हवी."

"अहो, आत्ता पडद्यावर बोलतो की!"

"ते नुसतं बोलणं. काचेतून पाहिलंत तर समक्ष झालं, ते डोळ्यांचं काम. भेट वेगळी. भेट म्हणजे दोघांनी एका हवेत श्वास घेणं. कायद्यात तशी व्याख्याच आहे."

"म्हणजे आत जायचं? आणि बुरशी लागली की तिथंच राहायचं?"

"ज्याला ती हवा तोडायचीय, त्यानं आधी ती घ्यावी. म्हणून तर तसं लिहिलं."

कोण जाणार! जिवाची भीती कुणाला नसते? शेवटी सगळ्यांनीच विरळ हवेवर दिवस काढायचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात खानविलकर मृदुलाकडे आले. त्यांची लहान मुलगी आता बसल्याजागी धापा टाकत होती.

"बाई, यदुनाथरावांचं काही खरं नाही. जायचं असेल तर जा. श्वासगृहाचं हवाबंद दार उघडून देतो."

मृदुलाला रडूच फुटलं. पोशाख चढवून ती टेकडी ओलांडून गेली. आत शिरून शिरस्त्राण काढायचं, एवढंच उरलं होतं. पण दारावरच तिचा हात थबकला. समितीची सभासद तीही होतीच.

"आलीस ना?" कानातल्या यंत्रातून यदुनाथ म्हणाला. "ये गं. एकदा भेट."

"नाही येत," तिला हुंदका आवरेना. "मी आत आले की भेट झाली. भेट झाली की ते तुम्हा सगळ्यांची हवा तोडू शकतात."



"मग नकोच येऊस," तो धापा टाकत म्हणाला. "ही बाकीची पोरं जगतील अगं. तू बोलत राहा फक्त."

ती दाराशी बसून बोलत राहिली. उत्तरं येईनाशी झाली, तरी ती आत गेली नाही.