राखलेली सुई

"तितंच थांब धुरपदे! सुई तेवढी कासाबाईच्या हातात दे, अन् तू भाईर बस!"

सासूनं, सारजाबाईंनी, दोन्ही हात पसरून बाळंतिणीच्या खोलीचं दार अडवलं होतं. आतून सवतीचं, दैवशालाचं, कण्हणं ऐकू येत होतं... आणि कळा लांबल्याचा निरोप मिळताच सोनपेठच्या सरकारी दवाखान्यातून बैलगाडीचे धक्के खात आलेली धुरपदा, औषधांची पेटी छातीशी धरून, जिथे ती एके काळी थोरली सून म्हणून आली होती त्याच घरात परक्यासारखी उभी होती. वांझेची सावली बाळंतिणीवर पडू नये! हा नेम तिला का ठाऊक नव्हता? त्या नेमापायीच तर भावकीतल्या प्रत्येक बारशाला ती परसात भांडी घासत बसली होती.

आपल्याला मूल होत नाही तर नवऱ्यानं, राधाकिशननं, दुसरं लग्न करावं, हे घरात आधी तिनंच काढलं होतं. दैवशालालाही तिनंच पसंत केलं. पण नवी नवरी आली आणि सारजाबाईंना थोरलीची भाकर जड झाली. राधाकिशनचं तर आईसमोर एकही वाक्य आजवर पुरं झालं नव्हतं! धुरपदा मुकाट्यानं परभणीला गेली, दवाखान्यात आधी फरशा पुसल्या, मग शिकली, नर्सबाई होऊन सोनपेठच्या दवाखान्यात लागली. गावात मात्र सारजाबाईंनी सांगितलं, सवतीचं सुख बघवलं नाही म्हणून पळाली. ते ऐकून धुरपदाचं अंतःकरण विदीर्ण झालं होतं, पण तिनं कुणाला उलट निरोप धाडला नाही.

"आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली, "सुई कवा द्यायची ते पोटावर हात ठिवल्याबिगर कळत न्हाई. मला आत येऊ द्या."

"आई, येऊ दे तिला, न्हाईतर..." राधाकिशन ओट्यावरून पुटपुटला आणि थांबला.

एवढ्यात आतून आर्त हाक आली. "आक्का! माज्या आक्काला आत घ्या ओ!"

त्या हाकेनं सारजाबाईंचे हात आपोआप खाली आले. धुरपदा आत गेली. तिनं चुलीवर सुई उकळायला ठेवली, हात साबणानं धुतले आणि दैवशालाला तपासलं. बाळाचं डोकं अजून वरच होतं, वाट उघडली नव्हती, कळा मंद होत्या.

"सुई आता द्यायची न्हाई," ती म्हणाली. "अजून येळ हाय."

निम्म्या गावाची बाळंतपणं केलेली कासाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "परभणीत सुई टोचली की लगीच जोराच्या कळा येतेत म्हनं. मंग?"

"येतेत मावशी. पर वाट उघडली नसताना तसल्या कळा आल्या, तर गर्भाची पिशवी फाटती. माय बी जाती अन् लेकरू बी."

"खोटं बोलायलीस!" सारजाबाई कडाडल्या. "तिच्या कुशीला लेकरू हाय, ते तुला बघवंना! सवतीचा डाव साधायलीस तू!"

धुरपदाला हा आरोप नवा नव्हता, पण या वेळी तो फार खोल गेला... खरंच तसं असेल का? मनाच्या कुठल्या तरी अंधाऱ्या कोपऱ्यात, तिला स्वतःला न कळता, मत्सर दबा धरून बसला असेल का? तिनं पुन्हा हात धुतले, पुन्हा दैवशालाला तपासलं. नाही! तिची बोटं अजूनही तेच सांगत होती, वाट उघडलेली नव्हती.

आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. सारजाबाई, ताठ मानेच्या सारजाबाई, धुरपदाच्या पायांवर कोसळल्या.

"मी तुझ्या पाया पडते, माय! तुला घरात घिते, मानानं ठिवते, समद्या गावाम्होरं थोरली म्हणते... पर तेवढी सुई दे!"

'थोरली' या एका शब्दासाठी धुरपदा किती वर्षं तहानलेली होती! एक सुई टोचायची, की आत्ता, या क्षणी घर तिचं होणार होतं... पुढं काही झालंच, तर देवाची मर्जी म्हणून सगळे गप्प बसले असते. तिनं डोळे मिटले आणि पाय मागे घेतले.

"न्हाई, आत्याबाई."

सारजाबाई उठल्या, तिच्याकडे न बघता भिंतीला टेकून बसल्या. धुरपदानं सवतीला खांद्याचा आधार देऊन खोलीत फिरवलं, तिची कंबर चोळली, घोटघोट कढत पाणी पाजलं. हळूहळू कळा आपसूक वाढल्या, वाट उघडली, आणि उन्हं कलताना मुलगी झाली. तिचा पहिला टाहो ऐकून सारजाबाईंनी हात जोडले.

पण वार पडली आणि रक्त थांबेना! फडक्यांमागून फडकी भिजू लागली, दैवशालाचे ओठ पांढरेफटक पडले. "आक्का, मला अंधारी यायलीय..." ती क्षीण स्वरात म्हणाली.

"आत्याबाई! हिकडं या! हितं बेंबीखाली हात ठिवा, अन् चोळत ऱ्हावा!"

सारजाबाई पुढे झाल्या. धुरपदानं औषधाची काचेची कुपी फोडली, औषध ओढून घेतलं आणि सुई दैवशालाच्या मांडीत खुपसली. सारजाबाईंच्या तळव्याखाली पोट भिजल्या कणकेसारखं ढिलं होतं. त्या चोळत राहिल्या, देवाचं नाव घेत राहिल्या... आणि थोड्याच वेळात ते आत आवळू लागलं, गोळा होत होत कवठासारखं टणक झालं. रक्ताची धार मंदावली, मग थांबली. सारजाबाईंनी डोळे विस्फारून आपल्या हाताकडे पाहिलं.

"धुरपदे... सुई टोचल्यावर पिशवी अशी आवळती?"

"व्हय."

"अन् मगाशी दिली आस्ती तर? लेकरू आत आसताना?"

धुरपदा रक्ताळलेली फडकी गोळा करत राहिली.

"माय गं! माज्या हातानं मी माजंच घर बुडवाय निघाले हुते!" सारजाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "अन् तुला काय काय बोलले गं मी!"

"तुमी बोललात तवा माझं मलाच भ्या वाटलं, आत्याबाई," धुरपदा हलकेच म्हणाली. "मनात पाप तर न्हाई ना, म्हणून पुन्यांदा हात लावून बघितलं."

ते ऐकून सारजाबाईंनी तिला छातीशी ओढलं.

मग सारजाबाईंनी फडताळातून मधाची वाटी आणली. बाळाला पहिला मध जी चाटवते तिचा स्वभाव बाळाला लागतो, असं त्या घरात मानत. त्यांनी वाटी धुरपदासमोर धरली.

"आत्याबाई, नगं... मी अशी वांझ..."

"गप! पुन्यांदा त्यो शबूद काढू नगंस. माज्या नातीला तुझा गुण लागू दे, माय."

"चाटवा ना, आक्का," अंथरुणावरून दैवशाला म्हणाली. "पोरगी तुमचीच हाय."

धुरपदानं करंगळी मधात बुडवली. तिनं बोट त्या इवल्याशा ओठांना लावलं, आणि बाळानं ते घट्ट धरून चोखायला सुरुवात केली. मध केव्हाच संपला, गाडीवान बाहेरून हाका मारू लागला, तरी बोट सुटेना... आणि धुरपदाला ते सोडवून घ्यावंसं वाटेना.